तुकड्यांना विचारा, रेणू कसा फुटला

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा नियम येतो आणि त्याच्या मागोमाग बंदूक आणि गोळी येते. बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते, गोळीचे वस्तुमान आणि वेग दिलेला असतो. बंदूक किती वेगाने मागे येईल ते काढायचे. उत्तरातले ऋण चिन्ह विसरले की अर्धा गुण गेला. मुंबईची शाळा असो की मावळातल्या सोमाटण्याजवळच्या परंदवडीची, मुलांची या नियमाशी ओळख बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबते. बंदूक कोणी जवळून पाहिलेली नसते, गणित मात्र पाठ असते.

हाच नियम हाताशी धरून आज अणूतून इलेक्ट्रॉन कसा बाहेर पडतो, रेणू कसा फुटतो, हे ‘पाहिले’ जाते. हे काम काही फक्त परदेशात चालते असे नाही. परंदवडीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पाषाण येथे आयसर ही संस्था आहे, आणि मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. दोन्ही ठिकाणी या विषयावर काम झाले आहे. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीपासून या प्रयोगशाळांपर्यंतची वाट आपण पायरी-पायरीने चालून पाहू. सुरुवात अर्थातच वर्गातल्या बाकापासून.

करून पहा

कपडे वाळत घालताना लावतो तो स्प्रिंगचा चिमटा, दोरा, काड्यापेटी, काचेची एक गोटी, साधारण तेवढ्याच आकाराची पोलादी गोळी आणि थोडी रांगोळी एवढेच साहित्य लागते. पोलाद काचेच्या सुमारे तिप्पट घन असते, म्हणून पोलादी गोळी गोटीच्या जवळजवळ तिप्पट जड भरेल. शक्य असेल तर दोन्ही तराजूवर मोजून घ्या.

चिमट्याची दाबायची दोन टोके एकत्र दाबून दोऱ्याने घट्ट बांधा. चिमटा बाकाच्या मधोमध आडवा ठेवा. एका टोकाला बाहेरून टेकवून गोटी ठेवा, दुसऱ्या टोकाला पोलादी गोळी. बाकाच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर रांगोळी पसरा. आता शिक्षकांनी काडीने दोरा जाळायचा. चिमटा फटकन उघडेल आणि दोन्ही गोळ्या विरुद्ध दिशांना बाकावरून खाली पडतील. चिमट्याला हाताने धरायचे मात्र नाही. धरला तर हाताचे बाहेरचे बल त्यात येते आणि सगळा हिशेबच बिघडतो.

रांगोळीत दोन खळगे उमटतील. बाकाच्या कडेपासून त्यांची अंतरे मोजा. गोटी पोलादी गोळीच्या सुमारे तिप्पट लांब पडलेली दिसेल. वस्तुमान आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे जवळपास सारखा येईल. दोन्ही गोळ्या सारख्याच उंचीवरून पडल्या, म्हणजे त्यांना पडायला लागलेला वेळ सारखाच. तेव्हा अंतर हे वेगाचेच माप झाले, आणि गुणाकार हे संवेगाचे.

या प्रयोगात दोन गोष्टी मुलांच्या नजरेला आणून द्यायला हव्यात. पहिली अशी, की चिमटा उघडला तो क्षण आपल्यापैकी कोणीही नीट पाहिलेला नाही. तो फार चटकन होऊन गेला. तरीही त्या क्षणी काय घडले हे खळग्यांनी सांगितले. दुसरी अशी, की पोलादी गोळी कपाटाखाली गेली आणि तिचा खळगा सापडलाच नाही, तरी बिघडत नाही. गोटीच्या संवेगाएवढाच, पण उलट दिशेचा संवेग तिला मिळाला होता हे न पाहताही सांगता येते. पुढचे सगळे संशोधन या दोन गोष्टींवर उभे आहे.

कॅमेरा का चालत नाही

रेणू फुटताना त्याचे छायाचित्रच का घेऊ नये? एक अडचण आकाराची आहे. एका मीटरचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग, म्हणजे एक अँगस्ट्रॉम, हे अणूच्या घरातले माप. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच ४ ते ७ हजार अँगस्ट्रॉम असते. एवढ्या जाड कुंचल्याने एवढी बारीक रेघ काढता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणू स्प्रिंगला जोडल्यासारखे सतत मागेपुढे होत असतात. त्यांच्या एका हेलकाव्याला सुमारे ८ फेमटोसेकंद लागतात. एका सेकंदात जितके फेमटोसेकंद मावतात, तितके सेकंद मोजायचे ठरवले तर तीन कोटींहून अधिक वर्षे मोजत बसावे लागेल. बंध तुटण्याची घटना याच मापाच्या काळात उरकते. पण तुकडे मात्र उरतात, आणि एकदा वेगळे झाले की त्यांचा संवेग आपोआप बदलत नाही. फुटण्याचा क्षण निघून गेला तरी त्याची आठवण तुकडे सोबत घेऊन जातात. ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न.

आयन ‘खाली’ पाडायचा

बाकावरच्या प्रयोगात पडण्याचे काम गुरुत्वाकर्षणाने केले. प्रयोगशाळेत ते विद्युत क्षेत्र करते. निर्वात पात्रात हेलियमचा एक अणू घेऊ. हेलियममधून इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. त्यावर ३८.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन पडला, तर उरलेली १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन निघून जातो. त्याचा वेग होतो सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर.

आता बंदूक आणि गोळी आठवा. हेलियमचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७,३०० पट जड आहे, म्हणून तो सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने मागे येतो. फोटॉनचा स्वतःचा धक्काही असतो, पण तो या संवेगाच्या फक्त शंभरावा भाग आहे. ढोबळ हिशेबात सोडून दिला तरी चालेल. म्हणजे आयनाचा मागे येण्याचा वेग मोजला की निसटलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग कळला.

या आयनाला दर सेंटीमीटरला १ व्होल्ट इतक्या सौम्य क्षेत्रातून १० सेंटीमीटर अंतरावरच्या तबकडीवर पडू दिले, तर त्याला सुमारे ९ मायक्रोसेकंद लागतात. तो आडवा जात असेल तर तेवढ्या वेळात पावणेतीन मिलिमीटर बाजूला सरकतो. रांगोळीतला खळगा तो हाच. आयन तबकडीच्या दिशेनेच निघाला असेल तर सुमारे ०.१२ मायक्रोसेकंद लवकर पोहोचतो. उलट दिशेने निघाला असेल तर तेवढाच उशिरा. गच्चीवरून चेंडू खाली फेकला तर लवकर पडतो आणि वर फेकला तर उशिरा, तसेच हे. तबकडीवरची जागा दोन दिशांचा संवेग सांगते आणि पोहोचण्याची वेळ तिसऱ्या दिशेचा. तिन्ही मिळून संवेगाचे पूर्ण चित्र झाले.

एकच आयन टिपणारी ही तबकडीही मोठी नामी आहे. पातळ काचेच्या चकतीत लाखो सूक्ष्म नळ्या असतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. आयन नळीच्या भिंतीवर आदळला की काही इलेक्ट्रॉन उडतात, ते पुढे आदळून आणखी उडवतात, आणि एकाचे लाखो होऊन मोजण्याजोगी विद्युत लहर बाहेर पडते. ती तबकडीच्या मागे गुंडाळलेल्या लांब तारेवर पडते आणि तारेच्या दोन्ही टोकांकडे धावते. लांब दोरीला मध्येच कुठे झटका दिला, तर दोन टोके धरून उभ्या असलेल्या मुलांना तो मागेपुढे जाणवतो. त्या फरकावरून झटका कुठे बसला ते कळते. तारेबाबतही तसेच होते.

गर्दी आणि दिंडी

एवढे सोपे असते तर हे काम फार पूर्वीच झाले असते. मोठा अडथळा होता तो उष्णतेचा. नेहमीच्या तापमानाला हेलियमचे अणू सेकंदाला सुमारे १,३५० मीटर वेगाने वाटेल त्या दिशेला धावत असतात. आपल्याला मोजायचा आहे तो धक्का ३०० मीटरचा. बाजाराच्या गर्दीत एकाच माणसाला किती जोराने कोपर लागले ते त्याच्या चालीवरून ओळखण्यासारखेच हे काम.

यावरचा उपाय असा. भरपूर दाबाखालचा वायू अगदी बारीक छिद्रातून निर्वातात सोडायचा. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा गार लागते हे मुलांना माहीत असते. त्याच तऱ्हेने हा झोत विलक्षण थंड होतो. हेलियमचे तापमान केल्व्हिन मापावर एक अंशाच्याही खाली नेता येते. अणू थांबत नाहीत, ते सगळे एकाच दिशेने आणि जवळपास एकाच वेगाने जाऊ लागतात. गर्दीची दिंडी होते. देहूहून निघालेल्या दिंडीत सगळे एका चालीने चालतात, म्हणून शेजारच्या वारकऱ्याच्या मानाने कोणीच हलत नसतो. सर्वांची मिळून असलेली चाल माहीत असली की ती वजा करायची. उरतो तो फक्त धक्का.

थंड झोत, विद्युत क्षेत्र आणि जागा-वेळ टिपणारी तबकडी हे तिन्ही एकत्र आणण्याचे काम १९८० आणि १९९० च्या दशकांत झाले. त्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट विद्यापीठाचा मोठा वाटा होता. याच विद्यापीठात १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडून तो दुभंगलेला दाखवला होता. तोही प्रयोग अणूला मिळालेला बारीकसा संवेग ठिपक्याच्या जागेवरून ओळखण्याचाच होता. नव्या उपकरणाला ‘रिअ‍ॅक्शन मायक्रोस्कोप’ असे नाव मिळाले. त्यात आयन एका तबकडीकडे जातात आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेच्या दुसऱ्या तबकडीकडे. हलके, वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर भरकटू नयेत म्हणून त्यांना चुंबकीय क्षेत्राने गिरक्या घ्यायला लावतात.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली. १९८७ मध्ये अमेरिकेत चँडलर आणि ह्यूस्टन यांनी आयनांची थेट चित्रे घेतली. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील एपिंक आणि पार्कर यांनी विद्युत क्षेत्राचे भिंग वापरून त्यात महत्त्वाची सुधारणा केली. आयन कोणत्या जागी जन्मला याला मग महत्त्व उरले नाही. सारख्या वेगाचे आणि सारख्या दिशेचे आयन एकाच ठिपक्यावर येऊ लागले.

रेणू फुटतो तेव्हा

नायट्रोजनच्या रेणूतून दोन इलेक्ट्रॉन एकदम काढले तर दोन धनप्रभारित अणू अगदी शेजारी अडकलेले उरतात. ते एकमेकांना ढकलून देतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. अंतर १.१ अँगस्ट्रॉम धरले तर कूलोमच्या नियमाने सुमारे १३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. दोघांत ती निम्मी वाटली की प्रत्येकाचा वेग सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येतो. परंदवडीहून पाषाणला दोन-अडीच सेकंदांत! प्रत्यक्ष मोजमापात ऊर्जा बहुधा यापेक्षा कमी भरते, आणि एकाच आकड्याऐवजी आलेखावर अनेक शिखरे दिसतात. उरलेले इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंना अजून थोडे बांधून ठेवत असतात, आणि फुटण्याच्या वाटाही एकापेक्षा जास्त असतात. प्रत्येक शिखर म्हणजे अशी एकेक वाट.

तीन तुकडे झाले की गोष्ट अधिक रंगतदार होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो: मध्ये कार्बन, दोन्हीकडे ऑक्सिजन. त्यातले तीन इलेक्ट्रॉन गेले तर तो दोन प्रकारे फुटू शकतो. दोन्ही बंध एकदम तुटले, तर ऑक्सिजन विरुद्ध दिशांना जोरात जातात आणि मधला कार्बन जवळपास जागीच राहतो. दोन्ही बाजूंनी सारखा धक्का बसल्यावर तो जाणार कुठे? पण आधी एक ऑक्सिजन निसटला, उरलेली जोडी थोडी गिरकी घेऊन मग फुटली, तर कार्बनलाही चांगलाच वेग मिळतो आणि दिशा विस्कटतात. जर्मन संशोधकांनी २०१० मध्ये या दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. एकदम फुटला की टप्प्याटप्प्याने, याचा निवाडा संवेगांच्या मांडणीने दिला.

पण हे तीन तुकडे एकाच रेणूचे कशावरून? येथेही आपला नियमच कामाला येतो. तिन्ही संवेगांची सदिश बेरीज करायची. ती शून्य आली, म्हणजे तीन बाण टोकाला टोक जोडून बंद त्रिकोण झाला, तर तुकडे एकाच घरचे. त्रिकोण बंद झाला नाही तर ती नोंद बाजूला टाकायची. आणि एखादा तुकडा प्रभाररहित असून तबकडीवर आलाच नाही, तर कपाटाखाली गेलेल्या गोळीसारखा त्याचा संवेग इतरांवरून काढायचा.

कार्बन डायऑक्साइडच्या दुहेरी आयनाचा असा अभ्यास आपल्या देशातही झाला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत भास बापट आणि वंदना शर्मा यांनी आयनांचा संवेग मोजणारे उपकरण उभारले. फुटताना हा सरळ रेणू वाकलेल्या अवस्थांतूनही जातो, असे त्यांनी २००७ मध्ये मांडले. बापट पुढे पाषाणच्या आयसरमध्ये आले.

कुलाब्याचा हायड्रोजन

आता मुंबईचा प्रयोग. तो सर्वांत साध्या रेणूवरचा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर चकित करते. हायड्रोजनच्या रेणूवर सुमारे १४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सोडला तर तो कधी कधी रेणूला चिकटतो. क्षणात रेणू फुटतो: एक ऋण आयन आणि एक उत्तेजित अणू. सारख्या वेगाचे आयन फुगणाऱ्या फुग्यासारखे सर्व दिशांना पसरतात. टाटा संस्थेत त्या फुग्याची बरोबर मधली चकती टिपण्याची पद्धत वापरली गेली. कांदा मधोमध कापला की आतल्या कड्या स्पष्ट दिसतात, तसे हे.

रेणूची दोन टोके अगदी सारखी आहेत. इलेक्ट्रॉन एका बाजूने आला हे खरे, पण एका ठरावीक अवस्थेत स्थिरावला की आपण कोणत्या टोकाने आलो याची खूण उरत नाही. तेव्हा ऋण आयन पुढे आणि मागे सारखेच जायला हवेत. पण तसे दिसले नाही. एका बाजूला ते जास्त होते. ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि ब्रिटनमधील नायजेल मेसन यांनी हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या पत्रिकेत प्रसिद्ध केले. हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्युटेरियम घेतला तेव्हा हा फरक फारच कमी झाला.

स्पष्टीकरण बीजगणिताच्या एका ओळीत समजून घेता येते. १ आणि क्ष ही दोन फलने घ्या. त्यांचे वर्ग, १ आणि क्ष-वर्ग, शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच. पण आधी बेरीज करून मग वर्ग घेतला, तर क्ष = १ ला ४ मिळतात आणि क्ष = –१ ला शून्य. समतोल गेला! पुंजयामिकीत कण कुठे सापडेल हे तरंगांची बेरीज करून मग वर्ग घेऊन ठरते. रेणूला चिकटलेला एकच इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन अवस्थांत होता, एक सम आणि एक विषम. त्यांच्या बेरजेमुळे एका बाजूचे पारडे जड झाले. दोन तरंगांचा मेळ किती वेळ गेला यावर अवलंबून असतो. ड्युटेरियमचे अणू जड, म्हणून त्यांना दूर व्हायला वेळ जास्त लागतो. त्यामुळे तो मेळही बदलतो. एवढे सगळे कळले ते चकतीच्या दोन बाजूंना किती ठिपके पडले त्यावरून.

याचे करायचे काय

वर्गात हा प्रश्न येणारच, आणि तो यावा. किरणोत्सर्ग शरीरात शिरला की वाटेत हजारो कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पूर्वी त्यांना कोणी फार मोजत नसे. डीएनएचे नुकसान करायला ते दुबळे आहेत असा समज होता. २००० साली कॅनडातील लिओन सांश यांच्या गटाने ३ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडतात हे दाखवले. तोडण्याची रीत तीच होती: इलेक्ट्रॉन आधी चिकटतो, मग बंध तुटतो. कर्करोगाच्या किरणोपचारात पेशीत नेमके काय घडते हे समजायचे, तर कोणता बंध, किती ऊर्जेला, कोणत्या दिशेने तुटतो ही माहिती तळाशी असावी लागते. हायड्रोजनपासून डीएनएपर्यंतची वाट लांब आहे, पण तिची पहिली फरशी अशीच बसते.

आम्हाला मात्र शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नियम पाठ करायचा असतो, कारण तो परीक्षेला येतो, असे मुलांना वाटते. येथे तोच नियम डोळा झाला आहे, चाळणी झाला आहे, हरवलेल्या तुकड्याचा साक्षीदारही झाला आहे. बंदूक-गोळीचे गणित जरूर सोडवावे. पण त्याआधी एकदा बाकावर चिमटा ठेवावा, दोरा जाळावा, आणि पोलादी गोळीचा खळगा मुद्दाम पाटीने झाकून ठेवावा. गोटीचे अंतर मोजून मुलांनी पाटीखालच्या खळग्याची जागा सांगावी आणि मग पाटी उचलावी. जे दिसले नाही ते सांगता येते, हे त्या क्षणी त्यांना स्वतःला कळेल.